हिरव्या-पिवळ्या तारेचं टोक

तुम्ही खोटं बोललात. भिंतीभिंतीत तीन भोकांची सॉकेटं बसवलीत, वर पांढरीशुभ्र झाकणं लावलीत आणि आम्हाला सांगितलंत, आता तुम्ही माणसांसारखे राहणार. दोन भोकांतून वीज येते एवढं आम्हाला कालव्यावरच्या जुन्या घरांतही कळत होतं. तिसरं भोक जीव वाचवायला असतं, असं तुमच्याच माणसाने किल्ल्या वाटताना माईकवरून सांगितलं. त्या भोकामागची तार पुढे कुठे जाते, ते मात्र तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आमची घरं पाडून दिलेली घरं फुकटची कशी, तो वाद वेगळा आहे, तो आज काढत नाही. आज फक्त त्या तारेबद्दल बोलायचं आहे.

सातव्या मजल्यावरच्या खांगमुळे ती तार उघडी पडली, म्हणून गोष्ट खांगची.

खांग म्हणजे कालव्यावरचा इंजिनवाला. सायगॉनच्या त्या काळ्या कालव्यात मालाच्या जितक्या होड्या चालायच्या, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात त्याचा हात कोपरापर्यंत जाऊन आलेला. दारू नाही, कोंबड्यांच्या झुंजी नाहीत, लॉटरीचं तिकीट नाही. व्यसन एकच, गाणं ऐकायचं आणि ते नीट ऐकायचं. जपानहून भंगारात जहाजाने आलेला एक अँप्लिफायर त्याने स्वतः दुरुस्त केला होता. तो शंभर व्होल्टवर चालायचा, आपल्याकडे दोनशे वीस, म्हणून मध्ये विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंना कमरेएवढे उंच स्पीकर. त्याची बायको लुआ त्या अँप्लिफायरला सवत म्हणायची. "सवतीला पुसून झालं असेल तर जेवायला या," अशी हाक रोज दुपारी ऐकू यायची.

ऐकायचा तो आपलं दक्षिणेचं वाँग-को. ज्याने ते ऐकलंय त्याला सांगायला नको. गाणारी बाई एकाच श्वासावर शब्द ओढत नेते, ओढत नेते, ऐकणाऱ्याचा जीव वर अडकतो, मग क्षणभर सगळं थांबतं, आणि ती सूर खाली सोडते. त्या उतरण्यासाठीच लोक ऐकतात. आणि उतरण्याच्या आधीची ती शांतता नितळ नसेल तर उतरण्यात काही राम नाही.

कालव्यावरच्या घरात ती शांतता नितळ होती. चिखलात रोवलेल्या खांबांवरचं घर, पत्र्याचं छप्पर, फळ्यांची जमीन. एका फळीला भोक पाडून खांगने माणसापेक्षा लांब लोखंडी कांब खाली गाळात ठोकली होती आणि अँप्लिफायरच्या पत्र्यापासून एक तार तिला बांधली होती. ओहोटीला ती कांब उघडी पडायची आणि पोरं तिला होडकी बांधायची. एवढंच त्याचं अर्थिंग. स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू यायचं नाही.

फळ्यांच्या भिंतीपलीकडे मुओई मावशी. गल्लीच्या तोंडाशी कणीचा भात आणि भाजलेलं मांस विकून तिने पोरगा वाढवला. रविवारी सकाळी ती विक्री लवकर आटोपून घरी यायची, फळीला पाठ टेकायची आणि पलीकडून ऐकायची. बाईने सूर खाली सोडला की मावशी मांडीवर थाप मारून ओरडायची, "उतरली गं बाई!" ती थाप ऐकू आली नाही तर खांगला वाटायचं, आज गाणं झालंच नाही.

मग तुमचे लोक आले. तुम्ही कालव्यात घाण टाकता, म्हणाले, कालवा तुमच्यामुळे काळा झाला. घरं पाडली. खांगने जाताना ती कांब गाळातून उपटून आणली. लुआ म्हणाली, "अहो म्हातारबुवा, सातव्या मजल्यावर चिखल कुठून आणणार?" तरी आणली. चिठ्ठ्या टाकून खोल्या मिळाल्या, तेव्हा मावशीने एका कुटुंबाच्या हातापाया पडून आपली खोली बदलून घेतली आणि खांगच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली. पण भिंत आता काँक्रीटची. पलीकडे काही जाईना. म्हणून ती प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल घेऊन त्याच्या दारातच बसायला लागली.

पहिल्याच रविवारी तिने तोंड वाकडं केलं.

"खांग, तुझ्या बाईच्या घशात माशी गेलीय रे."

माशी होतीच. दोन्ही स्पीकरमधून बारीक, सलग घूंऽऽ. गाणं चालू असेल तेव्हा लपायची आणि शांतता आली की नेमकी तिथे येऊन बसायची. खांगने ट्रान्सफॉर्मर हलवून पाहिला. प्लग उलटे-सुलटे खोचून पाहिले, टेस्टरचा दिवा कुठल्या बाजूने कमी लागतो ते पाहिलं. कांबीपासूनची जुनी तार बाल्कनीच्या गजाला बांधली. माशी वाढली. तार सोडली.

शेवटी तो दान्हच्या दुकानात गेला. जुन्या यंत्रांच्या बाजारात दान्हचं दुकान. शनिवारी सकाळी तिथे बर्फाची कॉफी घेऊन पाच-सहा जण बसलेले असतात, दुसऱ्याच्या यंत्रात खोट काढायला.

"वायर बदल," एक म्हणाला.

"बदलली."

"मग बायको बदल. घूं-घूं तिचीच असेल."

"ती घूं-घूं नाही करत, ती स्पष्ट बोलते."

दान्हने काउंटरखालून एक पॉवर कॉर्ड काढली. काळी, जाळीदार, अजगरासारखी जाड, टोकाला तीन पिनांचा पितळी प्लग. दुकानदारांच्या रिवाजाप्रमाणे आठवडाभर घरी नेऊन ऐकायला दिली. लुआने ती पाहिली आणि कपाळावर हात मारला. "भिंतीतली वायर करंगळीएवढी. तुमची शेवटची दोन हात अजगराएवढी. तोटी जाड केली म्हणून नळाला पाणी जास्त येतं का हो?" खांगने ती लावून पाहिली. माशी गेली नाही. त्याने अजगर परत नेला.

"दादा, नुसत्या कॉर्डने भागायचं नाही," दान्ह म्हणाला. "तुमच्या बिल्डिंगची वीजच घाण आहे. लिफ्टचा कचरा, एसीचा कचरा, खालच्या कराओकेवाल्याचा कचरा. हा डबा घ्या. पॉवर कंडिशनर. हा सगळं गाळतो."

"आणि गाळलेलं कुठे जातं?"

"तिसऱ्या पिनेतून. तिसऱ्या भोकातून. जमिनीत."

"नक्की जमिनीत?"

"मग काय माझ्या खिशात? सरकारी बिल्डिंग आहे, दादा. तीन भोकं आहेत ना?"

तीन भोकं होती. खांगने आपले जुने छोटे स्पीकर देऊन तो डबा घेतला. सोबत अजगरही आला, कारण डब्याला तीन पिनांचीच कॉर्ड लागत होती. सगळी यंत्रं त्या डब्यात खोचली, डबा भिंतीत खोचला, आणि माशी मेली. खांग किती वेळ स्पीकरसमोर उकिडवा बसून राहिला. स्पीकर चालू आहे की बंद, हे कळेना. लुआनेही पाटा-वरवंटा थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "हं. सवत गप्प बसली."

रविवारी मावशी आली. बाईने श्वास ओढत नेला, ओढत नेला. थांबली. त्या थांबण्यात काहीही नव्हतं, धूळसुद्धा नाही. मग सूर उतरला आणि मावशीची थाप अशी पडली की स्टूल सरकलं. "उतरली गं बाई! खांग, कालव्यावर आल्यासारखं वाटलं रे!"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशी तक्रार करायला लागली, की तिचं कपडे धुण्याचं मशीन मुंग्या सोडतं. मशीन मुलाने, किएतने, घेऊन दिलेलं. हा किएत भाड्याची मोटारसायकल चालवतो, दिवसभर बाहेर. मशीन संडासाशेजारच्या ओल्या कोपऱ्यात, तिसऱ्या पिनेसकट नीट भिंतीत खोचलेलं. मावशी ओल्या हाताने पत्र्याला लागली की कोपरापर्यंत झिणझिण्या.

तिने कुणाला सांगितलं? खांगला. मजल्यावर विजेतलं कळणारा तोच.

आणि खांग काय म्हणाला? "मावशी, सपाता घालत जा."

"घरात सपाता? मी काय पाहुणी आहे?"

"मग हात पुसून लाव."

"धुणं धुताना हात पुसू? बरा आहेस ना?"

दोघं हसली. खांगने टेस्टर उचलून पलीकडे जायला काय हरकत होती? बारा पावलंही नव्हती. पण मशीन नवं, सॉकेट नवं, तीन भोकं, सरकारी बिल्डिंग. दान्हने त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने स्वतःला सांगितलं. आयुष्यभर ज्याने कुठल्याही इंजिनावर हात घालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्याने एका पांढऱ्या झाकणावर ठेवला.

मावशी पडली ती एका बुधवारी सकाळी. झटका मोठा नव्हता, असल्या झटक्याने माणूस मरत नाही. पण साबणाच्या पाण्यात अनवाणी उभ्या म्हातारीला दचकायला तेवढा पुरतो. ती मागे सरकली, पाय गेला, कमरेचं हाड उंबऱ्यावर आपटलं. आवाज काँक्रीटमधून पलीकडे गेला नाही. खांग तेव्हा घरीच होता. रेकॉर्ड ऐकत होता. कपडे वाळत घालायला लुआ कॉरिडॉरमध्ये आली, तेव्हा तिला कण्हणं ऐकू आलं.

हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात सळई घातली.

मग तुमचा माणूस चौकशीला आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात मीटर. त्याने मावशीच्या सॉकेटच्या दोन भोकांत मीटरच्या सुया घातल्या. दोनशे वीस. "व्यवस्थित." तिसऱ्या भोकात सुई घातलीच नाही. मशीन हलवून पाहिलं. "मशीनही व्यवस्थित. या लाइनवर आणखी काय चालतं?" शेजारच्या पोराने बोट दाखवलं. तुमचा माणूस खांगच्या दारात उभा राहिला, त्याने तो डबा पाहिला, अजगर पाहिला, कमरेएवढे स्पीकर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे काय आहे?"

"गाणं ऐकायचं आहे."

"गाण्याला एवढी वायर?"

त्याने फोटो काढले. नंतर खाली बोलावून एक कागद पुढे सरकवला. मजकूर साधा होता. रहिवाशाने विनापरवाना यंत्र लावलं, त्यातून शेजारी वीज उतरली, इमारतीच्या वायरिंगमध्ये दोष नाही, जबाबदारी रहिवाशाची. खाली खांगचं नाव छापलेलं. सहीची जागा कोरी.

"माझ्या यंत्रातून भिंतीपलीकडे वीज कशी जाईल?" खांग म्हणाला. त्याला ते मनापासून अशक्य वाटत होतं. "जे गाळलं जातं ते जमिनीत जातं."

"मग सही करायला भीती कसली?"

खांग सही न करता वर आला. दारात किएत उभा होता, अंगात अजून कामाचं जाकीट. त्याने काका म्हटलं, पण दातांमधून.

"काका, खाली म्हणतायत तुमच्या गाण्याने माझी आई पाडली."

"म्हणू देत."

"मला म्हणण्याशी घेणं नाही. खरं काय ते दाखवा. आत्ता."

खांगने टेस्टर त्याच्या हातात दिला. किएत जाऊन मशीनपाशी उभा राहिला. लुआ दोन्ही दारांच्या मध्ये, कॉरिडॉरमध्ये.

"लाव पत्र्याला!"

"लावला!" आतून किएत ओरडला. "दिवा लागलाय! लालभडक!"

"लाल म्हणतोय," लुआ म्हणाली.

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो." खांगने भिंतीतून कंडिशनरचा प्लग उपसला. "आता?"

मग किएतचा आवाज आला, ओरडण्याचा नव्हता.

"गेला."

खांग तसाच उभा होता, प्लग हातात. "लुआ," तो म्हणाला, "काय म्हणाला तो?"

त्याने प्लग परत खोचला. "लागला," किएत म्हणाला. उपसला. "गेला." तिसऱ्यांदा खोचायला लागला, तेव्हा लुआने त्याचा हात धरला.

तर असं होतं. डबा कचरा गाळत होता. तिसऱ्या भोकातून बाहेर टाकत होता. ती तार भिंतीतून मावशीच्या सॉकेटला जात होती, तिथून तिच्या मशीनच्या पत्र्याला. खांगच्या शांततेतून काढलेली सगळी घाण मावशीच्या ओल्या हाताखाली जाऊन बसली होती. गाणं जितकं नितळ, तितकं मशीन जास्त चावणार. त्या रविवारी मांडीवर थाप मारून ती म्हणाली होती, कालव्यावर आल्यासारखं वाटलं. तेव्हाही मशीनचा पत्रा तिची वाट बघत होता.

खांग दान्हकडे गेला आणि सगळ्यांसमोर डबा काउंटरवर आपटला.

"जमिनीत जातं म्हणालास!"

"जमीन असेल तर जातं, दादा! ड्रेनेजचा पाइप तुम्ही जोडायचा आणि पुढे गटारच नसेल, तर संडासाचं भांडं विकणाऱ्याला शिव्या देणार का?"

"तू विचारायचं होतंस."

"तुम्ही बघायचं होतंत." दान्हही चिडला होता. मग कॉफीचा ग्लास पुढे सरकवून म्हणाला, "माझ्या दुकानातही तीन भोकं आहेत. मागे काय आहे मला माहीत नाही. आईशप्पथ, मी कधी पाहिलं नाही."

बसलेल्यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. अजगरांवर वर्षं घालवलेली माणसं ती. प्रत्येकाच्या घरी तीन पिना, आणि तिसरी कुठे जाते हे एकालाही ठाऊक नाही. त्या दिवशी दुकानात चेष्टा झाली नाही.

खांगने डबा परत घरी आणला, पण प्लग लावला नाही. सही करून मोकळं व्हावं असं त्याच्या मनात आलं होतं. चूक त्याचीच, हे त्याला आता कुणी सांगायला नको होतं. पण संध्याकाळी किएत पुन्हा दारात आला. टेस्टर अजून त्याच्याकडेच होता.

"काका, तुमचं सगळं बंद आहे ना?"

"सगळं."

"मग हे काय?"

मशीनच्या पत्र्यावर टेस्टरचा दिवा पुन्हा लागत होता. लालभडक नाही, मिणमिणता. घरोघरी भात शिजायला लागले होते, टीव्ही, फ्रिज, पोरांचे कॉम्प्युटर चालू झाले होते. प्रत्येक यंत्र आपली चिमूटभर घाण त्याच तारेत सोडत होतं. खांगच्या डब्याने ओंजळभर टाकली, म्हणून ती दिसली एवढंच.

"म्हणजे ही तार खाली जमिनीला लागलेलीच नाही," खांग म्हणाला.

"मग कुठे जाते?"

दुसऱ्या दिवशी दोघं ती शोधत खाली उतरले. प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी वायरिंगचं कपाट आहे, त्याची झाकणं ढिलीच असतात. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची तार, मजल्यामागून मजला, एकदम सरळ, नीट क्लिपा मारलेली. चांगलं काम होतं. खांगला चांगलं काम ओळखता येतं. तळमजल्यावर मीटरच्या खोलीला कुलूप. पण त्या खोलीत झाडू आणि पोछे ठेवतात, म्हणून किल्ली झाडणाऱ्या बाईकडे.

"तार?" ती म्हणाली. "ती गुंडाळलेली ना? मी तिच्यावर फडकी वाळत घालते. कधी कधी चावते मेली."

तिने फडकी बाजूला केली. हिरव्या-पिवळ्या तारेची गोल गुंडाळी, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली. जमीन तिच्यापासून हातभर खाली. टोकाला काळी टेप.

खांग त्या टेपकडे बघत राहिला. तार कुणी कापून नेली असती तर त्याने चोराला शिवी दिली असती. अर्धवट लोंबती सोडली असती तर आळशाला. पण ही टेप घट्ट, ओढून, एकावर एक गुंडाळलेली होती, शेवटचा पदर अंगठ्याने दाबून बसवलेला. ज्याने ती गुंडाळली त्याला माहीत होतं की ही तार कुठेही जोडली जाणार नाही. आणि त्याला तसं करायला ज्याने सांगितलं, त्यालाही.

बैठक भरली ती खालच्या पार्किंगमध्ये. शंभरेक लोक, काही मोटारसायकलींवर बसलेले, बाया पंखे हलवत. तुमचा चष्मेवाला टेबलामागे, समोर तोच कागद.

खांग उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. तो म्हणाला, "झटका माझ्या डब्यातून आला. मी तपासलं. मावशी माझ्यामुळे पडली, हे मी लिहून देतो." लुआने मान खाली घातली. "पण वायरिंगमध्ये दोष नाही असं जे लिहिलंय ते खोडा, आणि लिहा की अर्थिंगची तार खिळ्याला टांगलेली आहे. दोन्ही लिहा. मग सही करतो."

"मीटरच्या खोलीत जायची परवानगी कुणी दिली?" तुमच्या माणसाने विचारलं.

"तार टांगलेली आहे की नाही ते सांगा."

"किल्ली कुणी दिली?"

झाडणारी बाई मागे सरकली. किएत ओरडला, "किल्लीने माझ्या आईचं हाड नाही मोडलं!"

तेव्हा तुमचा माणूस जे बोलला ते शंभर लोकांनी ऐकलंय, आता नाकारू नका. तो म्हणाला, "तुम्हा कालव्यावरच्या लोकांना सवयच आहे, आपली घाण दुसऱ्याच्या दारात सोडायची."

खांग म्हणाला, "साहेब, आमची घाण निदान ओहोटीबरोबर समुद्राला जायची. तुमची नळी शेजारणीच्या मोरीत उघडते."

लोक हसले. हसू फार वेळ टिकलं नाही, कारण साहेब कागद उचलून निघून गेले.

दोन दिवसांनी मीटरच्या खोलीला नवं कुलूप दिसलं. आणखी काही दिवसांनी तुमच्या माणसाने स्वतःच दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं. खिळा नव्हता, गुंडाळी नव्हती. तार भिंतीवरून सरळ खाली आली होती आणि जमिनीवरच्या ताज्या सिमेंटच्या चौकोनात शिरली होती. वर रंगाने अर्थिंगची खूणसुद्धा काढली होती. "जोडली. समाधान झालं?"

त्या संध्याकाळी भात शिजत असताना किएतने टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला.

दिवा लागला. तसाच, मिणमिणता.

मुओई मावशी घरी आली तेव्हा तिला चालता येत नव्हतं. किएतने तिला पाठुंगळी घेऊन सात मजले चढवलं, कारण लिफ्ट त्या दिवशी बंद होती. त्यानंतरच्या रविवारी तिने पलंगावरून हाक मारली, "खांग! माझं स्टूल तुझ्याच दारात आहे ना? मग मला नेऊन बसव."

खांग तिच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं, डबा, कचरा, तार. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "मावशी, माझ्या गाण्याने तू पडलीस."

"तूच सांगितलं होतंस सपाता घालायला," ती म्हणाली. "मीच घातल्या नाहीत."

"मी उठून बघायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." त्याला तिने दोषातून सोडवलं नाही.

खांग घरी गेला. लोखंड कापायची करवत काढली आणि अजगराचा पितळी प्लग गुडघ्याखाली धरून तिसरी पिन कापायला लागला. दान्ह फळं घेऊन मावशीला भेटायला आला होता, तो दारातच किंचाळला, "दादा, अहो ती कॉर्ड! पाप लागेल!"

"लागू दे."

"आता तो डबा तुम्हालाच चावेल!"

"चावायचं तर मलाच चावू दे." पिन टणकन फरशीवर पडली. खांगने डब्याखाली रबराचा तुकडा सरकवला, पायात सपाता घातल्या आणि बटण दाबलं.

घूंऽऽ. माशी परत आली.

किएतने मावशीला उचलून आणलं आणि दारात उशीला टेकवून बसवलं. बाईने श्वास ओढत नेला, ओढत नेला. थांबली. थांबण्यात माशी बसलेली होती. सूर उतरला.

थाप पडली नाही. मांडीला धक्का लागला की कमरेत कळ येते. तिने फक्त दोन बोटं उशीवर आपटली. "उतरली," ती म्हणाली. मग कान टवकारून, "माशी आहे की रे."

"आहे. घालवायची म्हटलं तर ती तुझ्याकडे येते."

"राहू दे मग. माशी गुणगुणते, चावत नाही."

लुआ हसली. खांगला हसू आलं नाही. त्याने आपली पिन कापली, पण ज्या घरांत भात शिजतो, फ्रिज चालतो, त्यांच्या पिना तशाच आहेत. मावशीच्या मशीनवर संध्याकाळी टेस्टरचा दिवा अजून लागतो. पत्र्याला हात लागू नये म्हणून किएतने त्यावर लाकडी पाट बांधलाय. तिसऱ्या मजल्यावर एक बाळ रांगायला लागलंय, त्याच्या घरीही मशीन आहे, भिंतीत तीन पिनांनी नीट खोचलेलं.

कालव्यातून उपटून आणलेली ती लोखंडी कांब खांगने खाली पार्किंगशेजारच्या बागेत नेली होती. हातोडा घेऊन उभा राहिला, तर चौकीदार म्हणाला, बाग व्यवस्थापनाची आहे, इथे काही ठोकता येत नाही. कांब आता त्याच्या दाराशी आडवी पडली आहे, आणि येणारे-जाणारे तिला ठेचकाळतात.

खांगने तुमच्या ऑफिसात येऊन त्या कागदावर सही केली आहे. चुकीची कबुली त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आणि वायरिंगच्या ओळीवर काट मारली. तो कागद तुमच्या टेबलावर आहे. एका माणसाने आपला वाटा उचलला. आता तुमचा.

तो सिमेंटचा चौकोन फोडा. दिवसाढवळ्या, आम्हाला सगळ्यांना समोर उभं करून फोडा. कांब आमच्याकडे आहे, हातोडा आमच्याकडे आहे, ठोकायला माणूसही आहे. फक्त एवढं सांगा, ती हिरवी-पिवळी तार त्या सिमेंटखाली कुठे जाते? आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळायला कुणी सांगितलं? आम्ही विचारतो आहोत. उत्तर द्या.